दही लागलं नाही, की दोष दुधाचाच?

गुढीपाडव्याच्या आधीचा आठवडा म्हणजे चक्क्याचा आठवडा. नाशिकमध्ये सकाळपासून मिठाईवाल्यांचे फोन सुरू होतात, मुंबईच्या गाड्या कसारा घाट उतरायला रात्रीच निघतात आणि एरवी एका पाळीत उरकणारं डेअरीतलं दह्याचं खातं दोन पाळ्यांत चालतं. श्रीखंड-पुरीचा बेत घरोघरी एकाच दिवशी ठरलेला असतो, त्यामुळे मागणी चार दिवस पुढे ढकलायची सोय नसते. अशा आठवड्यात टाकीभर दूध विरजूनही दही लागलं नाही, तर नुसतं दूध वाया जात नाही. कुणावर तरी बालंटही येतं. आणि ते बहुतेक वेळा दूध घालणाऱ्यावर येतं.

नाशिक-सिन्नर पट्ट्यातल्या एका मध्यम आकाराच्या डेअरीत गुणवत्ता तपासणी सांभाळणाऱ्या एका मॅडमच्या कामाची ही हकिगत आहे. दुग्धतंत्रज्ञानाचं शिक्षण घेऊन त्या या धंद्यात आल्या. फॅट, एसएनएफ, मिथिलीन ब्ल्यू, भेसळीच्या चाचण्या हे त्यांचं रोजचं काम. जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंबद्दल, म्हणजे बॅक्टेरिओफेजबद्दल, त्या परीक्षेपुरतं वाचून होत्या. डेअरीत मात्र तो शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. दही बिघडलं की कारण ठरलेलं असायचं: ‘दुधात औषध होतं.’

हा संशय हवेतला नव्हे. निफाड, सिन्नर, येवल्याकडच्या गोठ्यांत संकरित गाई भरपूर आहेत आणि दगडीचा, म्हणजे कासदाहाचा, आजार कुठल्याच गोठ्याला नवा नाही. सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली की पुढचे काही दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. कुणी घातलंच, तर त्यातला औषधाचा अंश विरजणातल्या जीवाणूंची वाढ रोखतो. हे खरोखर घडतं. पण दही न लागण्याचं ते एकमेव कारण नव्हे, आणि तिथेच या हकिगतीचा गाभा आहे.

चक्क्यासाठी दूध ९० अंशांच्या आसपास तापवतात, ३० अंशांपर्यंत थंड करतात, त्यात कल्चर, म्हणजे निवडक जीवाणूंचं विरजण, सोडतात आणि रात्रभर टाकीत ठेवतात. सकाळी आम्लता ०.८ टक्क्यांच्या आसपास आली की दही मलमलीच्या पिशव्यांत ओतायला तयार. त्या सकाळी मॅडमनी नेहमीप्रमाणे दह्याचा नमुना घेतला, फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले आणि ब्युरेटची तोटी उघडली. दहा ग्रॅम दह्याला नऊ मिलीच्या आसपास अल्कली लागायला हवी होती. पाच मिलीतच गुलाबी छटा आली आणि टिकली. टाकीत होतं ते दही नव्हतं, जरासं आंबूस झालेलं घट्टसर दूध होतं. पिशवीत ओतल्यावर त्यातून स्वच्छ हिरवट निवळी गळेना. पांढुरकं पाणी गळत राहिलं आणि चक्क्याचा उतारा घटला. आम्लता वेळेत न वाढण्यात आणखी एक धोका असतो. जे अपायकारक जंतू आम्लात दबून राहतात, त्यांना तेवढ्या वेळात मोकळं रान मिळतं.

चक्का खात्यात केस पांढरे झालेल्या मामांनी टाकीत डोकावूनच निकाल दिला. “मॅडम, दूध मारलेलंय. कोणीतरी ट्यूब सोडलेली गाय पिळली.” व्यवस्थापनालाही ते पटलं. आदल्या दिवशी ज्या संकलन केंद्राचा टँकर त्या टाकीत रिकामा झाला होता, त्याचं दूध थांबवलं गेलं. एक केंद्र थांबलं म्हणजे अनेक घरांचं सकाळ-संध्याकाळचं दूध थांबलं. मार्चअखेरीला, चारा विकत घ्यायच्या दिवसांत.

मॅडमना दोन गोष्टी खटकल्या. टँकरच्या राखून ठेवलेल्या नमुन्यावर प्रतिजैविकाची पट्टी लावली, ती साफ निघाली. पट्टी सगळीच औषधं पकडत नाही, म्हणून तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्याच नमुन्यातलं दूध त्यांनी परीक्षानळीत तापवलं, निववलं आणि दुसऱ्या जातकुळीच्या कल्चरचं नवं पाकीट फोडून त्यात टाकलं. दही झकास लागलं. म्हणजे दुधात खोट नव्हती.

मग त्यांनी उलटी तपासणी केली. बिघडलेल्या टाकीतली थोडी निवळी घेऊन ती ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढली. या जाळीतून जीवाणू जात नाहीत, फेज जातात. फेजचं डोकं साधारण ५० ते ६० नॅनोमीटरचं असतं. एका मिलिमीटरच्या रेघेवर वीस हजारांच्या आसपास बसतील एवढं. त्या गाळलेल्या निवळीचे काही थेंब टाकीत वापरलेल्याच कल्चरच्या निरोगी नळीत सोडले. नळीत ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा रंगदर्शक होता: आम्ल तयार झालं की जांभळ्याचा पिवळा होतो. शेजारची निवळी न टाकलेली नळी काही तासांत पिवळी झाली. ही जांभळीच राहिली.

नुसत्या या नळीवरून पाहिलं, तर कारण औषधही असू शकलं असतं. खरा निवाडा पुढच्या पायरीवर होतो. त्या बिघडलेल्या नळीतलं थोडं पाणी पुन्हा गाळून दुसऱ्या निरोगी नळीत, तिच्यातलं तिसरीत. औषध असेल तर प्रत्येक पायरीला ते पातळ होत जातं आणि दोन-तीन नळ्यांनंतर दही लागायला लागतं. फेज असेल तर तो प्रत्येक नळीत नव्याने वाढतो आणि बिघाड तसाच्या तसा पुढे जातो. मॅडमच्या रॅकवर एकामागून एक नळ्या जांभळ्या राहिल्या.

या चाचणीला लागतात परीक्षानळ्या, गाळणीचे फिल्टर, उबवणपेटी आणि एक-दोन दिवसांचा धीर. कोट्यवधींचं यंत्र लागत नाही. तरीही ती फारशी केली जात नाही, ही या धंद्यातली खरी उणीव आहे.

फेजच्या कामाचा वेग समजला की टाकी एका रात्रीत का बसते ते कळतं. फेज जीवाणूच्या पृष्ठभागावर चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो आणि जीवाणूच्या आतली सगळी यंत्रणा स्वतःच्या प्रती काढायला जुंपतो. दह्यातल्या लॅक्टोकॉकसच्या बाबतीत पाऊण तासाच्या आत-बाहेर तो जीवाणू फुटतो आणि शंभराच्या आसपास नवे फेज बाहेर पडतात. शंभराचे दहा हजार, दहा हजारांचे दहा लाख. तीन फेऱ्यांत एवढी मजल. तेवढ्या वेळात जीवाणूंची संख्या फार तर काही पटींनी वाढलेली असते.

फेजमुळे टाकी बसते, ही गोष्ट दुग्धव्यवसायाला पहिल्यांदा कळली ती न्यूझीलंडमध्ये. फेजचा शोध त्याआधीचा; इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि फ्रान्समध्ये फेलिक्स द’हेरेल यांनी १९१७ मध्ये स्वतंत्रपणे लावलेला. न्यूझीलंडच्या चीज कारखान्यांनी चीजचा पोत सुधारावा म्हणून एकाच वाणाचं शुद्ध कल्चर वापरायला सुरुवात केली होती. पोत सुधारला, पण टाक्या अचानक बसू लागल्या. १९३५ मध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी दाखवून दिलं की यामागे फेज आहे. सगळे जीवाणू एकाच वाणाचे असले की एक फेज सगळ्यांना लागू पडतो, हे त्यातून उघड झालं.

घरच्या विरजणावर हे संकट क्वचित येतं, त्याचं कारणही हेच. आजीच्या काळापासून चालत आलेल्या विरजणात नाना वाणांचे जीवाणू असतात आणि त्यांच्यात फेजही नांदत असतात. एक वाण पडला तरी दुसरे काम ओढून नेतात. कारखान्याला मात्र रोज सारखीच चव आणि सारखाच घट्टपणा हवा असतो, म्हणून मोजके वाण. सोय आणि जोखीम दोन्ही एकाच निर्णयातून येतात.

आता प्रश्न उरला तो फेज घालवण्याचा. मॅडमनी निष्कर्ष सांगितला तेव्हा पहिलं उत्तर आलं ते सॅनिटायझरचं. “दुप्पट मारू, मॅडम.” कोविडनंतर प्रत्येक दाराशी अल्कोहोलच्या बाटल्या होत्या आणि त्यांच्यावर सगळ्यांचा गाढ विश्वास. पण करोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध वेष्टन असतं, अल्कोहोल ते विरघळवतं आणि विषाणू निकामी होतो. दह्यातल्या फेजवर असं वेष्टनच नसतं. त्याचं आवरण प्रथिनांचं. अर्जेंटिनातल्या सांता फे इथल्या रायनहाइमर, किबेरोनी यांच्या गटाने डेअऱ्यांतून गोळा केलेल्या फेजांवर निरनिराळी रसायनं तपासली. आयसोप्रोपिल अल्कोहोल फारसं उपयोगी पडलं नाही, इथेनॉलला जास्त वेळ लागला आणि ०.१५ टक्के पेरॲसिटिक ॲसिडने मिनिटांत काम केलं. दाराशी लावलेली बाटली हाताच्या इतर जंतूंसाठी ठीक. चक्का खात्याच्या माणसाने ती चोळून विरजण खात्यात जावं, एवढा भरवसा तिच्यावर ठेवता येत नाही.

पाश्चरीकरणावरचा भरवसाही असाच तपासून घ्यावा लागतो. ७२ अंशांवर १५ सेकंद एवढ्याने रोगजंतू मरतात, पण पुष्कळ फेज तगून राहतात. ९० अंशांवर काही मिनिटं ठेवलं तर बहुतेक जातात, तरी उष्णतेला चिवट असणारे काही उरतात. शिवाय तापवल्यानंतर जे टाकीत पडतं, त्याला उष्णता कुठून लागणार?

आणि पडत होतं ते निवळीतून. बसलेल्या टाकीच्या एका मिली निवळीत कोट्यवधी फेज असू शकतात. ही निवळी मलमलीतून गळते, फरशीवर सांडते, गमबुटांना लागते, क्रेटच्या तळाला चिकटते, आणि पंख्याच्या वाऱ्यावर बारीक तुषार होऊन उडते. या डेअरीत चक्का खात्यातला मोठा पंखा उकाड्यामुळे दाराकडे तोंड करून ठेवलेला होता. दाराच्या पलीकडे दह्याच्या टाक्या, झाकणं अर्धवट उघडी.

सॅनिटायझरच्या बाबतीत मॅडमच्या हाती जे लागलं, ते बारकाईने सांगण्याजोगं आहे, कारण बिघाड रसायनात नसून त्याच्या वापरात होता. आधी मलमलीचं. पिशव्या साध्या पाण्याने खंगाळून थेट हायपोच्या, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या, पिंपात बुडवायची पद्धत होती. पिंपात २०० पीपीएम क्लोरिन मोजून घातलेलं असायचं. मॅडमनी पिशव्या बुडवण्याआधी आणि बुडवल्यावर काही मिनिटांनी टेस्ट स्ट्रिप लावली. दुसरी पट्टी जवळजवळ कोरी निघाली. मग त्यांनी एका पिशवीची दुहेरी शिवण उसवून पाहिली. आत पिवळसर, चिकट, दाबल्यावर दाणेदार लागणारा थर होता. कित्येक दिवसांचं केसीन. क्लोरिन आधी या प्रथिनांशीच भिडतं आणि तिथेच संपतं. फेजपर्यंत पोचायला ते उरतच नाही. पिंपात दुप्पट हायपो ओतूनही शिवणीच्या आतलं काही बदललं नसतं.

म्हणून क्रम बदलला. पिशव्या आधी कोमट पाण्यात, मग सोड्याच्या गरम द्रावणात, मग स्वच्छ पाण्यात, मग उकळत्या पाण्यात आणि शेवटी ताज्या हायपोत. दुहेरी शिवणीच्या पिशव्या बाद करून एकेरी, उघड्या शिवणीच्या शिवून घेतल्या. मामांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण उसवलेली पिशवी हातात घेऊन पाहिल्यावर त्यांनीच जुन्या पिशव्यांचा गठ्ठा बाहेर काढला.

दुसरी अडचण हायपोच्या ड्रमांची. ते भिंतीलगत उन्हात उभे असायचे. सोडियम हायपोक्लोराइट उष्णतेने आणि उजेडाने आपोआप उतरतं. नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकायला लागला की लेबलावर लिहिलेले टक्के आणि ड्रममधले टक्के यांचा मेळ बसत नाही. थायोसल्फेटचं टायट्रेशन केल्याशिवाय किती मिली घालायचं, हे ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. ड्रम सावलीत गेले आणि ‘आधी आलेला आधी वापरा’ हे तारखेनिशी सुरू झालं. हायपो टाकीत रात्रभर भरून ठेवण्याची सवयही बंद करावी लागली. क्लोरिन स्टेनलेस स्टीलला टोचे पाडतं आणि त्या बारीक खड्ड्यांत दुधाचा अंश बसला की ती जागा धुतली जात नाही.

टाक्या आणि पाइपलाइनसाठी पेरॲसिटिक ॲसिड आणलं. ते वापरल्यानंतर विघटित होऊन ॲसिटिक आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन उरतो. वास डोळ्यांत जातो, कातडीला भाजतं, पण योग्य प्रमाणात ते स्टीलला क्लोरिनपेक्षा जास्त सोसतं. इथे घोटाळा फळ्यावर झाला. फळ्यावर लिहिलं होतं, ‘पेरॲसिटिक १ टक्का’. रात्रपाळीच्या पोराने लिटरला १० मिली घातलं. त्याच्या बाजूने हिशेब बरोबर होता. पण कॅनमधलं मूळ द्रावणच ५ टक्क्यांचं. त्यातलं १० मिली लिटरभर पाण्यात घातलं की हाती येतं ०.०५ टक्के. ०.१५ टक्के हवं असेल तर लिटरला ३० मिली. दुसऱ्या पुरवठादाराचा कॅन १५ टक्क्यांचा असेल तर हेच १० मिली पुरतं. मॅडमनी फळ्यावरचे टक्के पुसायला लावले आणि ‘या कॅनचं इतकं मिली, इतक्या लिटर पाण्यात’ असं लिहून घेतलं. कारखान्यात सूचना लिहिताना मोजपात्र हातात धरलेल्या माणसाच्या बाजूने विचार करावा लागतो, आणि पाठ्यपुस्तकं तो करत नाहीत.

एक सूचना मात्र त्यांनी लाल अक्षरांत लावली. सीआयपीतलं, म्हणजे टाक्या-पाइप न उघडता धुण्याच्या यंत्रणेतलं, नायट्रिक ॲसिड आणि हायपो एकत्र येता कामा नयेत. एकाच गटारात एकामागून एक सोडली तरी क्लोरिन वायू सुटतो. फेज मारण्याच्या उत्साहात माणसाचा जीव धोक्यात घालणं कुणालाच परवडणार नाही. क्वाट (क्वाटर्नरी अमोनियम) प्रकारची जंतुनाशकं त्यांनी दह्याच्या टाक्यांपासून लांब ठेवली. फेजवर त्यांचा परिणाम बेभरवशाचा आणि त्यांचा अंश टाकीत राहिला तर तो विरजणालाच मारक. म्हणजे दही पुन्हा लागणार नाही, आणि पुन्हा बोट दाखवलं जाईल ते दुधाकडे.

उरलेले बदल झटपट झाले. पंख्याचं तोंड फिरवलं, टाक्यांची झाकणं बंद राहू लागली, विरजणाचं काम दिवसाच्या सुरुवातीला आणि चक्क्याचं शेवटी आलं. चक्क्याच्या माणसांचे गमबूट, क्रेट आणि खराटे वेगळ्या रंगाचे झाले. कल्चरही बदललं. आधी एका पाकिटापासून विरजण करून तेच रोज पुढे वाढवत नेलं जायचं, आणि त्याच्याबरोबर फेजही वाढत जायचा. आता हंगामापुरतं थेट टाकीत टाकायचं कल्चर घेतलं, तेही दोन वेगळ्या फेज-गटांचं, आलटून-पालटून. खर्च वाढला, तरी एका बसलेल्या टाकीच्या नुकसानापेक्षा तो कमीच होता.

या आलटापालटीमागचं शास्त्र पुढे फार दूर गेलं. दह्यातल्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसचे काही वाण फेजच्या हल्ल्यातून वाचतात आणि त्या फेजच्या डीएनएचा तुकडा आपल्या डीएनएत साठवून ठेवतात. पुढच्या वेळी तोच फेज आला की ओळखून कापतात. डॅनिस्को कंपनीतले बारांगू आणि होर्वाथ, तसंच कॅनडातले मोइनो यांच्या गटाने हे २००७ मध्ये प्रयोगाने सिद्ध केलं. ही यंत्रणा म्हणजे क्रिस्पर. जनुक-संपादनाच्या तंत्राला २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच्या पायाशी दह्याच्या टाक्या वाचवण्याची ही धडपडही आहे. विरजण खात्यातल्या पोरांना मॅडमनी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा फेजबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली.

इतकं सगळं करूनही फेज डेअरीतून हद्दपार झाला, असं मॅडम म्हणत नाहीत. कच्च्या दुधातून तो थोडाफार रोज येतच राहणार. संख्या वाढू द्यायची नाही, एवढंच हातात आहे. म्हणून सणाच्या दिवसांत रोज आणि एरवी ठरावीक दिवशी निवळीची नळी लागतेच. आम्लता वाढायला नेहमीपेक्षा तासभर जरी उशीर झाला, तरी कल्चर बदललं जातं. टाकी पूर्ण बसायची वाट पाहिली जात नाही.

थांबवलेल्या केंद्राचं दूध पुन्हा सुरू झालं. पण मधल्या दिवसांचं दूध त्या घरांनी मिळेल त्या भावाला घातलं होतं, आणि ती तूट कुणी भरून दिली नाही. ‘दुधात औषध’ हा शिक्काही लगेच पुसला गेला नाही. गावात तो बराच काळ बोलला गेला. सोडा, हायपो आणि पेरॲसिटिकच्या हिशेबापेक्षा मॅडमना हे जास्त लागलं, आणि लागायलाच हवं.

नाशिक जिल्ह्यात आणि एकूण महाराष्ट्रात चक्का, दही, ताक करणारे कितीतरी लहान कारखाने आहेत. बऱ्याच ठिकाणी प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक ब्युरेट आणि एक सेंट्रिफ्यूज. तेवढ्यावरही निवळीची चाचणी बसवता येते. भर घालावी लागते ती फक्त परीक्षानळ्या, रंगदर्शक, फिल्टर आणि उबवणपेटीची. तेव्हा डेअरीचालकांना एवढीच विनंती आहे: दही लागलं नाही तर टँकर परत पाठवण्याआधी राखून ठेवलेल्या दुधात दुसरं कल्चर लावून पाहा, आणि बसलेल्या टाकीची निवळी तीन नळ्यांतून पुढे नेऊन पाहा. आणि दूध उत्पादकांनो, तुमचं दूध ‘औषधाचं’ म्हणून परत आलं, तर नुसता शब्द ऐकून घेऊ नका. पट्टीचा निकाल मागा, निवळीच्या नळ्यांचा निकाल मागा. तो मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.